सिझेरियनमधील भूल : भीती आणि वस्तुस्थिती

(कुटुंब मेळाव्यातील भाषणाचे संपादित शब्दांकन)



बाळंतपण हा स्त्रीचा पुनर्जन्म असतो, असे आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या म्हटले जाते. हे वचन केवळ गौरवाचे नाही, त्यात एक भयही दडलेले आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी वयाच्या चौदाव्या वर्षी ते भय अनुभवले. त्यांचे बाळ अवघ्या दहा दिवसांचे होऊन गेले आणि त्या दुःखातूनच वैद्यकशिक्षणाची त्यांची जिद्द जागी झाली. १८८६ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषयही हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्र हाच होता. तेव्हापासून आजवर सुरक्षित मातृत्वाच्या वाटेवर आपण बरीच मजल मारली आहे. २०१८-२० या काळात भारतातील मातामृत्यूंचे प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ९७, तर महाराष्ट्राचे ३३ इतके नोंदले गेले. या प्रगतीमागे अनेक हात आहेत. त्यांतील एक हात मात्र कुटुंबीयांना क्वचितच दिसतो. तो म्हणजे भूलतज्ज्ञाचा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ मधील आकड्यांनुसार देशातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियन शस्त्रक्रियेने झाल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.४ टक्के होते. देशपातळीवर शासकीय रुग्णालयांत ते १४.३ टक्के, तर खाजगी रुग्णालयांत ४७.४ टक्के होते. इतक्या शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक आहेत काय, हा स्वतंत्र आणि गंभीर प्रश्न आहे. त्याची चर्चा अवश्य व्हावी. परंतु ज्या घरात आज, या क्षणी शस्त्रक्रियेचा निर्णय झाला आहे, त्या घरापुढे दुसराच प्रश्न उभा असतो. शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी संमतीचा कागद पुढे येतो आणि घरातील कोणीतरी ज्येष्ठ व्यक्ती काळजीने म्हणते, ‘‘डॉक्टर, पाठीत सुई तेवढी नको. जन्मभर कंबर धरते. पूर्ण भूल देऊन टाका.’’ या वाक्यामागे माया असते, पण माहिती नसते. आणि जिथे मिनिटांचा हिशेब असतो, तिथे माहितीअभावी केलेला आग्रह महागात पडू शकतो. म्हणून हा विषय घरातल्या घरात, निवांतपणी समजून घेण्याचा आहे.

वेदनामुक्तीचा प्रवास

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे विल्यम मॉर्टन यांनी ईथरच्या साहाय्याने वेदनारहित शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक घडवले. पुढल्याच वर्षी एडिंबरोचे जेम्स यंग सिम्पसन यांनी प्रसूतीसाठी प्रथम ईथर आणि मग क्लोरोफॉर्म वापरले. त्यावर तेथे मोठा वाद माजला. प्रसूतीच्या वेदना हे ईश्वरी विधान आहे, ते मोडू नये, असे म्हणणारेही होते. १८५३ साली राणी व्हिक्टोरियाने राजपुत्र लिओपोल्डच्या जन्मावेळी डॉ. जॉन स्नो यांच्या हातून क्लोरोफॉर्म घेतले आणि विरोधाची धार बोथट झाली. भारतही यात मागे नव्हता. १८४७ च्या मार्चमध्ये कलकत्त्यात ईथरचा वापर झाला. पुढे हैदराबाद हे क्लोरोफॉर्मच्या संशोधनाचे केंद्र बनले आणि तेथेच रूपाबाई फर्दुनजी या पारशी महिलेने भूल देण्याचे काम केले. जगातील अगदी आरंभीच्या महिला भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते.

या सगळ्या पद्धती संपूर्ण बेशुद्धीच्या होत्या. दुसरी वाट १८९८ साली जर्मनीत ऑगस्ट बिअर यांनी दाखवली. पाठीच्या कण्यातील द्रवात औषध सोडले की रुग्ण जागा राहतो, पण शरीराचा खालचा भाग बधिर होतो, हे त्यांनी सिद्ध केले. स्वतःवर प्रयोग करून घेताना त्यांना तीव्र डोकेदुखीही जडली. म्हणजे या पद्धतीचा लाभ आणि तिचा उपद्रव, दोन्हींची ओळख एकाच वेळी झाली. आज सिझेरियनसाठी जी भूल सर्वाधिक वापरली जाते, तिचे मूळ येथे आहे.

चार पद्धती

सिझेरियनसाठी मुख्यतः चार प्रकारे भूल दिली जाते.

पहिली स्पायनल, म्हणजे मणक्यातील भूल. कमरेच्या खालच्या भागात, जिथे मज्जारज्जू संपलेला असतो त्या पातळीखाली, अतिशय बारीक सुई घालून बुपिव्हाकेनसारखे औषध मज्जाद्रवात सोडले जाते. मात्रा साधारण दोन मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या चमच्याहूनही कमी. पाच-दहा मिनिटांत छातीपासून खालचा भाग बधिर होतो आणि दीड-दोन तास तो परिणाम टिकतो. माता जागी असते, स्वतः श्वास घेत असते. औषध इतके अल्प असते की बाळापर्यंत ते जवळजवळ पोहोचतच नाही.

दुसरी एपिड्युरल. यात मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत एक बारीक नळी ठेवून तिच्यातून औषध दिले जाते. परिणाम दिसण्यास पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि औषधही जास्त लागते. परंतु नळी जागेवर असल्याने औषध वाढवता येते. प्रसूतिकळा सुसह्य व्हाव्यात म्हणून जिला ही नळी आधीच बसवलेली आहे, तिच्यावर सिझेरियनची वेळ आली तर त्याच नळीतून अधिक प्रभावी औषध देऊन शस्त्रक्रिया करता येते. पुन्हा सुई टोचावी लागत नाही.

तिसरी या दोहोंचा संगम असलेली पद्धत. स्पायनलचा वेग आणि एपिड्युरलची लवचीकता तिच्यात एकत्र येतात. शस्त्रक्रिया लांबण्याची शक्यता असते, किंवा हृदयविकार असलेल्या मातेला औषध हळूहळू द्यायचे असते, तेव्हा तिचा उपयोग होतो. मात्र तिला अधिक कौशल्य आणि अधिक साधने लागतात.

चौथी संपूर्ण भूल. शिरेतून औषध देऊन मातेला निद्रिस्त केले जाते, स्नायू शिथिल केले जातात, श्वासनलिकेत नळी घालून यंत्राद्वारे श्वास दिला जातो. एका-दोन मिनिटांत शस्त्रक्रिया सुरू करता येते, हे तिचे सर्वांत मोठे बळ. बाळाच्या जन्माचा क्षण मात्र मातेला अनुभवता येत नाही.

‘झोपवून टाका’ म्हणण्यापूर्वी

आता वरकरणी असे वाटेल की झोपवून टाकणे हेच सर्वांत सोपे. ना सुईचे भय, ना शस्त्रक्रियेचे आवाज. मग भूलतज्ज्ञ शक्यतो स्पायनलच का सुचवतात? त्याचे उत्तर गर्भवतीच्या शरीररचनेत आहे.

गर्भारपणी पोटातील वाढलेला गर्भाशय जठराला वर ढकलतो. जठर आणि अन्ननलिका यांमधील झडप सैल पडते. अशा अवस्थेत माता बेशुद्ध झाली की जठरातील अन्न आणि आम्ल घशात येऊन फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो. न्यूयॉर्कचे डॉ. कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ साली ४४,०१६ बाळंतपणांचा आढावा घेऊन अशा ६६ घटना नोंदवल्या आणि हा धोका जगाच्या लक्षात आणून दिला. शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी ठेवण्याचा जो आग्रह असतो, त्याचे कारण हेच आहे. तो डॉक्टरांचा हट्ट नव्हे. ‘‘पोरीच्या अंगात ताकद राहावी’’ म्हणून गुपचूप चारलेला शिरा किंवा पाजलेले दूध हे या दृष्टीने प्रेमाचे नव्हे, धोक्याचे कृत्य ठरते.

दुसरी अडचण श्वासमार्गाची. गर्भारपणात घशाच्या आतील भागाला सूज येते, वजन वाढलेले असते. श्वासनलिकेत नळी घालणे त्यामुळे कठीण होते. सिझेरियनसाठीच्या संपूर्ण भुलीत नळी घालण्याचा प्रयत्न सुमारे चारशेत एकदा अयशस्वी होतो, असे अभ्यासांत आढळले आहे. त्यातच गर्भवतीच्या फुप्फुसांतील प्राणवायूचा साठा कमी आणि खप अधिक असतो. इतर रुग्णाच्या तुलनेत तिच्या रक्तातील प्राणवायू लवकर घटतो. म्हणूनच संपूर्ण भुलीपूर्वी काही मिनिटे शुद्ध प्राणवायू दिला जातो.

तिसरी गोष्ट बाळाची. संपूर्ण भुलीची औषधे वारेतून बाळापर्यंत जातात. बाळ क्वचित सुस्त जन्मते आणि पहिल्या श्वासासाठी त्याला मदत लागू शकते. जन्मल्याबरोबर बाळाची स्थिती गुणांकांत मोजण्याची जी ‘अपगार’ पद्धत जगभर वापरली जाते, ती व्हर्जिनिया अपगार या भूलतज्ज्ञ महिलेने १९५३ साली प्रसिद्ध केली. मातेला दिलेल्या भुलीचा बाळावर काय परिणाम होतो, हा त्यांच्या चिंतनाचाच विषय होता. त्यांच्या त्या पहिल्या निबंधातही स्पायनलखाली जन्मलेल्या बालकांचे गुण संपूर्ण भुलीतील बालकांपेक्षा चांगले आढळले होते.

अमेरिकेतील आकडेवारी या संदर्भात बोलकी आहे. १९८५ ते १९९० या काळात तेथे सिझेरियनच्या वेळी भुलीमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण संपूर्ण भुलीत दहा लाखांमागे ३२.३, तर स्पायनल-एपिड्युरलमध्ये १.९ होते. म्हणजे जवळजवळ सतरापट फरक. १९९७ ते २००२ या काळात हे आकडे अनुक्रमे ६.५ आणि ३.८ वर आले. अंतर घटले, कारण रक्तातील प्राणवायू आणि श्वासातील कर्बवायू सतत मोजणारी साधने आली, कठीण श्वासमार्गासाठी नवी उपकरणे आली, प्रशिक्षण सुधारले. यातून दोन निष्कर्ष निघतात. एक, स्पायनल ही सामान्यतः अधिक सुरक्षित वाट आहे. दोन, कुशल हात आणि योग्य साधने असतील तर संपूर्ण भूलही आज पूर्वीइतकी भयावह राहिलेली नाही. शिवाय सर्वांत गंभीर रुग्णांनाच बहुधा संपूर्ण भूल द्यावी लागते. त्यामुळे या आकड्यांतील सगळा दोष भुलीच्या माथी मारणेही न्याय्य नव्हे.

कंबरदुखीचा प्रवाद

आता त्या सुप्रसिद्ध कंबरदुखीविषयी. सुई टोचल्याच्या जागी काही दिवस हुळहुळते, हे खरे. परंतु स्पायनल वा एपिड्युरलमुळे कायमची कंबरदुखी जडते, याला अभ्यासांचा आधार मिळालेला नाही. ज्यांना अशी सुई दिलेली नव्हती अशा बाळंतिणींतही कंबरदुखीचे प्रमाण तेवढेच आढळते. मग कंबर दुखते ती का? गर्भारपणात सांधे बांधणारे तंतू सैल होतात, पोटाच्या भाराने कण्याची वक्रता बदलते, पोटाचे स्नायू दुर्बळ होतात. पुढे दिवसरात्र वाकून बाळाला पाजणे, उचलणे, अपुरी झोप आणि अपुरा व्यायाम. या सगळ्याचा शीण कमरेवर येतो आणि दोष मात्र आठवणीत राहिलेल्या त्या एका सुईला मिळतो. बाळंतिणीला डिंकाचे लाडू प्रेमाने द्यावेतच. पण पाजताना पाठीला आधार देणारी उशी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेला व्यायाम यांचीही जोड द्यावी.

स्पायनलचे खरे दोष वेगळे आहेत आणि तेही प्रांजळपणे सांगितले पाहिजेत. रक्तदाब एकाएकी उतरणे हा त्यांतील सर्वांत नेहमीचा. मातेला मळमळते, घाबरल्यासारखे होते, बाळाचा रक्तपुरवठाही घटू शकतो. त्यासाठी तिला किंचित डाव्या कुशीवर कलते ठेवतात, शिरेतून द्रव देतात आणि फेनिलेफ्रिनसारखे रक्तदाब सावरणारे औषध तयार ठेवतात. थंडी वाजून अंग कापणे हेही पुष्कळदा घडते. काहींना पुढील दोन-चार दिवसांत डोकेदुखी होते. उठून बसले की वाढणारी आणि आडवे झाले की थांबणारी, अशी तिची ओळख. पूर्वी जाड सुयांमुळे ती बरीच आढळत असे. आताच्या बारीक, पेन्सिलच्या टोकासारख्या सुयांमुळे तिचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आले आहे. ‘‘उशी घेऊ नको, मान उचलू नको’’ या सक्तीने ती टळते, असेही सिद्ध झालेले नाही. अशी डोकेदुखी झाली तर घरगुती उपायांत दिवस न घालवता भूलतज्ज्ञाला कळवावे, कारण तिच्यावर खात्रीचा उपचार आहे. मज्जातंतूंना कायमची इजा होणे ही मात्र अत्यंत विरळ घटना होय.

आणखी एक गोष्ट मातांना आधीच सांगून ठेवली पाहिजे. स्पायनलमध्ये वेदना जातात, पण स्पर्श, दाब आणि ओढल्याची जाणीव काही प्रमाणात राहते. हे ठाऊक नसलेली माता घाबरते आणि ‘‘मला भूल चढलीच नाही’’ असे तिला वाटते. मात्र खरोखर दुखत असेल तर तिने ते निःसंकोच सांगावे आणि तिचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. सोसणे हा मातृत्वाचा दागिना आहे असे सांगून तिला गप्प बसवणे योग्य नव्हे.

जेव्हा संपूर्ण भूलच जीवनदायी ठरते

काही प्रसंगी मात्र स्पायनलचा आग्रह धरणे चुकीचे ठरते. नाळ बाळाच्या आधी बाहेर सरकली, वार अकाली सुटून प्रचंड रक्तस्राव सुरू झाला, बाळाचे ठोके एकदम मंदावले, मातेला झटके येऊन ती भानावर नाही, अशा वेळी क्षणाक्षणाचे मोल असते. रक्तस्रावाने आधीच खालावलेला रक्तदाब स्पायनलने आणखी कोसळतो. प्लेटलेट फार कमी असतील, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा सुई टोचण्याच्या जागी जंतुसंसर्ग असेल, तर कण्याजवळ रक्त साकळण्याचा किंवा संसर्ग आत जाण्याचा धोका असतो. क्वचित स्पायनल अपुरी चढते आणि मग संपूर्ण भुलीकडे वळावे लागते. अशा वेळी डॉक्टरांनी निर्णय बदलला म्हणजे काही बिघडले, असा अर्थ काढू नये. तो बदल ही बहुधा सावधगिरीची खूण असते.

संपूर्ण भुलीतही एक क्वचित आढळणारी अडचण आहे. बाळावर परिणाम होऊ नये म्हणून आरंभी औषध बेताचे दिले जाते आणि त्यामुळे मातेला मध्येच भान येण्याची शक्यता राहते. ब्रिटन व आयर्लंडमधील २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत एकंदर संपूर्ण भुलीत ही घटना १९ हजारांत एक, तर सिझेरियनच्या संपूर्ण भुलीत सुमारे ६७० मध्ये एक अशी आढळली. शस्त्रक्रियेनंतर एखादी माता ‘‘मला सगळे ऐकू येत होते’’ असे म्हणाली, तर तिला वेड्यात न काढता तिचे म्हणणे डॉक्टरांपर्यंत पोहोचवावे.

प्रश्न केवळ औषधाचा नाही

अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात सिझेरियननंतरच्या मातामृत्यूंपैकी १३.८ टक्के मृत्यूंचे कारण भूल हे होते, असे दिसून आले. भूल ज्यांच्या हाती होती त्यांचे प्रशिक्षण अपुरे असेल तर धोका वाढतो, हेही त्यातून पुढे आले. म्हणजे ‘कोणती भूल’ या प्रश्नाइतकाच ‘कोणाच्या हातून’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. शहरात भूलतज्ज्ञ सहज मिळतात. तालुक्याच्या गावी एकच भूलतज्ज्ञ अनेक रुग्णालयांत धावत असतो. ही उणीव भरून काढण्यासाठी शासनाने एम.बी.बी.एस. डॉक्टरांना १८ आठवड्यांचे जीवरक्षक भूल-कौशल्याचे प्रशिक्षण देण्याची योजना आखली. १ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयांत सिझेरियनसह प्रसूती विनामूल्य झाली. या सोयी आपल्या वस्तीतील, आपल्या परिचयातील कष्टकरी कुटुंबांपर्यंत पोहोचवणे, हे कार्यकर्त्याचे स्वाभाविक काम आहे. जवळच्या कोणत्या रुग्णालयात रात्रीही भूलतज्ज्ञ आणि रक्त उपलब्ध असते, एवढी माहिती जरी प्रत्येक वस्तीत असली, तरी एखादा जीव वाचू शकेल.

कुटुंबांनी काय करावे? सातव्या-आठव्या महिन्यातच हा विषय काढावा. आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी जाते. एका गावी तपासणी आणि दुसऱ्या गावी प्रसूती, अशी स्थिती असते. तिच्याबरोबर ओटीचे सामान जाते, त्याच काळजीने तिच्या तपासण्यांची फाईलही गेली पाहिजे. दमा, हृदयविकार, थायरॉइड, उच्च रक्तदाब, औषधाची अ‍ॅलर्जी, पूर्वी दिलेल्या भुलीचा त्रास, हलणारा दात, चालू असलेल्या गोळ्या, हे सारे भूलतज्ज्ञाला न विचारताही सांगावे. नियोजित शस्त्रक्रियेआधी सहा तास हलकाही आहार नको. साधे पाणी डॉक्टर सांगतील त्या वेळेपर्यंत, साधारण दोन तास आधीपर्यंत चालते. भूलतज्ज्ञ कोण आहेत, ते शस्त्रक्रिया संपेपर्यंत आणि नंतरही लक्ष ठेवणार आहेत ना, हे विचारण्यात संकोच नको. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निर्णयाच्या चर्चेत ती स्वतः असावी. सासू, आई, पती या सर्वांची माया मोलाची खरी. पण देह तिचा आहे, भीती तिची आहे आणि संमतीही तिचीच हवी.

सर्व काही ठीक असेल आणि वेळ हाताशी असेल, तर सिझेरियनसाठी स्पायनल ही सामान्यतः श्रेयस्कर. कळांसाठी एपिड्युरलची नळी असेल तर तिचाच उपयोग. वेळ नसेल किंवा स्पायनल धोक्याची असेल तर संपूर्ण भूल, कसलाही किंतु मनात न आणता. एवढे तारतम्य घराघरांत रुजले, तर शस्त्रक्रियागृहाच्या दारातील गोंधळ थांबेल आणि आत जाणाऱ्या लेकीच्या पाठीवर भीतीऐवजी विश्वासाचा हात असेल.